रुंद बाजूने

तळहातावरचा रिड्यूसर, दोन मापांचे पाईप जोडणारा तुकडा, एका तोंडाने रुंद, दुसऱ्याने अरुंद, सुपारीएवढा... एडवर्डने तो उगाचच फिरवून पाहिला. जुन्या घराचा वायरिंगचा पाईप बारीक, मागे बांधलेल्या नव्या खोलीचा जाड. जाड पाईपचा हट्ट डायलनचा — गेल्या नाताळात, लंडनहून, फोनवर तोंड दाखवत: पप्पा, एसी लागतलो, पाईप जाडोच घाल. जन्मभर तारकर्लीतल्या लोकांच्या घरांत वायरिंग केलं, पण पोराच्या खोलीसाठी मालवणहून ते पाईप आणताना एडवर्ड टेम्पोत चक्क गुणगुणत होता, आणि ड्रायव्हर हसला तरी त्याला लाज वाटली नव्हती.

आणि आज सकाळी, माडाला टेकून फोनवर ऐकलेला तोच आवाज, लंडनहूनच — "पप्पा, माका आता हंयच रवाचा आसा. थंय येवन काय करू? मम्मीक तूच सांग."

तूच सांग. किती सोपं.

त्याने सोल्युशन लावून रिड्यूसर बसवला, दोन्ही पाईप जोडले. मग वायर ओढण्यासाठी खोलीच्या बाजूने स्टीलची स्प्रिंग आत सारली. ती सरसर गेली आणि अडली. पुन्हा सारली, पुन्हा अडली — रुंदातून अरुंदात शिरताना टोक रिड्यूसरच्या आतल्या काठावर थटतं, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? घराकडून सारली असती तर सुर्रकन आली असती. नवशिक्याने करावी अशी चूक, आणि तिचं त्याला काहीच वाटेना.

"एडवर्ड, चाय थंड जाता रे!" त्याची बायको बर्नादेत गाऊनला हात पुसत दारात आली. "लाईट येतली मा? आयतवारी फादर खोलीक बेसांव देवूक येतले, तेंका काळोखात उभे करतलस?"

फादरच्या आशीर्वादाआधीच तिने ओल्या गिलाव्यावर क्रूस टांगला होता. आता ती खोलीच्या मधोमध उभी राहून पलंगाची जागा हातांनी मापू लागली.

"डायलनाचो फोन इललो?"

आता. आताच सांगावं... पण सांगितलं तर ही रडायची नाही; रडली असती तर बरं झालं असतं. ही म्हणेल, येतलो रे, जातलो खंय. आणि रोज सकाळी ही खोली झाडील, चादर बदलील, आणि मी ते बघत बसेन — मरेपर्यंत.

"नाय गो," तो म्हणाला.

ती गेली. स्प्रिंग बाहेर काढून घराच्या बाजूने सारायला हवी होती, उठायचा तेवढा अवकाश. पण घरातून बाहेर जाताना काहीच कुठे अडत नाही, हे त्याला नव्याने कशाला बघायचं होतं? त्याने टोक पुन्हा रुंद तोंडातच घातलं. सारत राहिला, आत, आणखी आत — अडणार हे ठाऊक असून. आणि अडली तेव्हा हाताला बसलेला तो बारीक धक्का त्याला बरा वाटला, निदान ही तरी अडत होती, म्हणून त्याने स्प्रिंग थोडी मागे घेतली आणि पुन्हा सारली.