थेंबांशिवाय

शाळेच्या व्हॅनमधली पोरं चालकाला काका म्हणत आणि त्यांना उचलून आत घेणाऱ्या त्याच्या बायकोला मावशी. काका आणि मावशी नवराबायको कसे, असा प्रश्न एकाही पोराला कधी पडला नव्हता. मावशीला त्याची गंमत वाटायची.

त्या सकाळी मात्र गंमत वाटावी असं काही उरलं नव्हतं. शाळेच्या फाटकाशी वळताना व्हॅनची डावी बाजू खांबाला घासली. महिन्यात तिसऱ्यांदा, आणि तिन्ही वेळा डावीच.

"खांबच पुढे सरकलाय," काका म्हणाला. पोरं खिदळली. मावशीने दात आवळले, पोरं वर्गात पोचती केली आणि नवऱ्याला तसंच वस्तीच्या सभागृहात नेलं. तिथे काकासारख्या मधुमेहाच्या लोकांचे डोळे फुकट तपासत होते.

"गेली दोन वर्षं तुम्ही थेंब घालू दिले नाहीत, काका," नर्सबाई म्हणाली. "बाहुली मोठी झाल्याशिवाय आतला फोटो नीट येत नाही. दोन्ही वेळा धूसर आला, परत या म्हटलं, आला नाहीत."

मावशीने चमकून पाहिलं. घरी येऊन तर हा माणूस 'डोळे ठणठणीत' म्हणाला होता.

"दुपारी मुलं सोडायचीत, ताई. थेंब घातले की चार तास गाडी चालवता येत नाही. थेंबांशिवायच काढा."

"बरं, आधी अक्षरं वाचा. उजवा डोळा झाका."

काकाने उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं. नर्सबाई तक्त्याकडे बघत होती. मावशी त्याच्या हाताकडे. लपाछपीत राज्य आलेली पोरं अशीच बोटांत फट ठेवतात. तिच्या नजरेतून ती कधी सुटत नाहीत.

ती उठली. त्याचा हात बाजूला करून तिने आपला तळवा त्याच्या उजव्या डोळ्यावर घट्ट दाबला.

"आता वाचा."

"अगं, चारचौघांत काय हे!"

"वाचा म्हणते ना!"

त्याने मान सोडवून घ्यायला पाहिली. तिने दुसरा हात त्याच्या तोंडासमोर धरला. "बोटं किती?"

"दोन."

तिची मूठ मिटलेली होती.

"कधीपासून?" आवाज तिचाच होता, पण तिलाही ओळखू येईना.

"हळू बोल. उन्हाळ्यापासून. आधी काळे धागे तरंगायचे, मग पडदाच पडला."

"पहिलं पोर चढायच्या आधी रोज देवाला हात जोडते मी, सुखरूप पोचव म्हणून. आणि तू पुढे बसून हे करत होतास?"

इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून पहिल्यांदाच 'तू' निघालं. काकाने मान खाली घातली.

"व्हॅन गेली तर खायचं काय आपण?"

"उपाशी राहू! व्हॅनमधल्या त्या सगळ्यात धाकट्या पोरीला मी रोज डावीकडून उतरवते. तुझ्या त्या बाजूने! रोज!"

नर्सबाई मध्ये पडली. "मावशी, शांत व्हा. दोन वर्षांपूर्वी दिसलं असतं, तर लेसरने बरंच वाचवता आलं असतं."

"मग दिसलं का नाही? धूसर फोटो घेऊन गप्प बसलात तुम्ही! घरात मी होते ना?"

"निरोप दिला होता ह्यांच्याकडे."

"ह्यांच्याकडेच! ज्याला लपवायचंय त्याच्याच हाती निरोप!"

नर्सबाईने थेंबांची बाटली हातात घेतली.

"घाला थेंब. दोन्ही डोळ्यांत."

"आणि पोरं?" काका पुटपुटला.

"त्यांना आईबाप आहेत." तिने त्याच्या खिशातून किल्ली काढून घेतली आणि तिथूनच एकेका घरी फोन लावले.

शाळा सुटायच्या वेळी आईबाप कामं टाकून, धापा टाकत फाटकाशी जमले. "ऐनवेळी असं? काकांना झालं काय?" एका आईने विचारलं.

'ताप' हा शब्द मावशीच्या जिभेवर आला. एवढं म्हटलं की उद्या दुसरा चालक बोलवायचा, आणि सगळं झाकलं जाणार. तिने तो शब्द गिळला.

"डाव्या डोळ्याने दिसत नाही त्यांना. उन्हाळ्यापासून. मला आज कळलं."

एक बाप पुढे आला. "आणि तुम्ही? मागे बसून काय झोपा काढत होतात?"

मावशीच्या मनात अजून संताप होता, पण आता तो कुणावर काढणार?

"बोला," ती म्हणाली. "मनात येईल ते बोला, ऐकून घेते. पण आधी लेकराचा हात धरा. तो बघा, एकटाच रस्त्यात उतरलाय."