भुयारातली कुदळ

"दोर धरतीस का न्हाई, तेवढं सांग." बूजमाने आईपुढं चहाचा पेला पालथा घातला.

"न्हाई धरत," मबरूका म्हणाली. "तुझ्या मामानं गॅसच्या कंपनीत फाटकावर नोकरी बघून ठिवलीय. सावलीत बसून पगार मिळंल. ते सोडून बापाच्या भुयारात घुसतोस व्हय रे?"

"फाटक उघडायला काय शिकावं लागतंय, आये? मला हाताला कसब पायजे. मौलूदकाका थकला. त्याच्यामागं आपला फोगारा साफ कराया कोन उरलंय?"

मबरूकेलाही ते ठाऊक होतं. फोगारा आटला की त्या वाळवंटात गाव उरणार नव्हतं. फोगारा म्हणजे टेकाडाखाली खणलेलं भुयार; त्यातून पाणी यायचं आणि पाटाच्या तोंडाशी बसवलेल्या दगडी कंगव्याच्या दातांतून ज्याच्या त्याच्या बागेत वाटलं जायचं. यंदा तिच्या वाट्याची धार करंगळीएवढी झाली होती. वालाच्या शेंगा धरल्याच नाहीत.

खाली उतरणाऱ्याचा दोर त्याच्या घरच्याच माणसानं धरायचा, ही तिथली रीत. मबरूका नवऱ्याचा, बर्काचा दोर धरायची. तो खालून कुदळीनं भिंतीवर ठकठक करायचा, ऐकू आलं हे कळवायला ती वरून दोर दोनदा ओढायची. एके दिवशी माती ढासळली आणि ठकठक थांबली. माणसांनी त्याला बाहेर काढलं, पुरलं, भुयाराच्या त्या तोंडावर फरशी ठेवली आणि पुन्हा तिकडे कुणी उतरलं नाही.

पण सांजच्याला वारा पडला की फरशीखालून ठकठक ऐकू यायची. मबरूका रोज तिथं जाऊन बसायची, शेंगा धरल्या नाहीत म्हणून त्याच्याकडे गाऱ्हाणं मांडायची. बायका म्हणत, हिला लागीर झालंय. म्हणेनात का! तिला तेवढीच सोबत होती.

"बा बोलावतोय, असं तूच म्हनतीस ना? मग बघून येतो की," बूजमा म्हणाला.

"त्यो बोलावतोय म्हनूनच तुला सोडत न्हाई, मेल्या!"

"मग बिनदोराचा उतरतो." तो उठून चालू लागला.

ती फरशीपाशी पोचली तेव्हा गावची माणसं जमली होती, फरशी बाजूला झाली होती आणि मौलूदकाका पोराची समजूत काढत होता. मबरूकेनं त्याच्या हातून दोर हिसकावला, पोराच्या कमरेला करकचून गाठ मारली आणि त्याला खाली सोडलं.

खालून ठकठक आली, ती त्याची. मग दुसरी आली, जुनी, ओळखीची. दोन्ही एकात एक मिसळल्या. आणि एकदम दोन्ही थांबल्या.

तिनं दोर दोनदा ओढला. उत्तर नाही. "बर्का!" ती भुयारात तोंड घालून किंचाळली. "माझं पोर सोड रं! त्याला न्हाई द्यायची मी!"

खालून पाण्याचा लोंढा गरजला. दोराला हिसका बसला. सगळ्यांनी मिळून बूजमाला वर ओढलं. तो चिखलानं माखला होता, दात तेवढे दिसत होते. हातात कुदळ होती, तिचा फाळ गंजून गेलेला.

"बाची हाय. ढासळलेल्या दगडांत फाळ अडकून पानी तुंबलं हुतं. पान्याचा धक्का बसला की दांडा भिंतीवर आपटायचा," तो धापा टाकत म्हणाला. "ह्योच वाजत हुता, आये."

"पोराचा हात चांगलाय गं," मौलूदकाका डोळे पुसत म्हणाला. "माझ्या हाताखाली दे त्याला."

मबरूका कुदळीकडे बघत राहिली. "परत ठिवून ये तिथंच," ती हळूच म्हणाली. कुणी हसलं नाही.

दगडी कंगव्याचे सगळे दात वाहू लागले. बाया पाण्यात हात घालून एकमेकींवर उडवत होत्या. सांजेला वारा पडला. मबरूका नेहमीच्या जागी बसली आणि कान देऊन ऐकू लागली. खाली नुसतं पाणी वाहत होतं. नवऱ्याला पुरताना तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आज ती ऊर बडवून रडली.

सकाळी बूजमा निघाला तेव्हा तिनं कुदळ त्याच्यापुढं धरली. तिला खजुराच्या लाकडाचा नवा दांडा बसवलेला होता. मग तिनं दोर खांद्यावर टाकला.

"खाली वाजवत ऱ्हा," ती म्हणाली. "मला ऐकू येतंय, असं धरून चालू नगंस. जोरात वाजव."