नवसात अडकलेली चिपोलाटा

मित्रांनो, सॉसेजच्या जातीत मी आता म्हातारी झाले आहे. आमचं आयुष्य ते किती! पण सिंगापुरातल्या मरीन परेड भागातल्या एका फ्लॅटमध्ये, फ्रीजरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, मी सुचित्राताईंच्या नवसापायी पडून राहिले. माझं नाव चिपोलाटा. अंगाने करंगळीएवढी बारीक, म्हणून मोठी सॉसेजं मला पोरगेलीच समजतात.

माझं कूळ युरोपातलं. म्हणतात की माझं नाव इटलीतल्या कांद्याच्या एका रश्शावरून पडलं आणि फ्रान्सच्या स्वयंपाकघरांत मी नावारूपाला आले. बारीक वाटलेलं डुकराचं मांस, मीठ, मिरी आणि थोडा सुगंधी पाला मेंढीच्या नाजूक आतड्यात भरला, की झाले मी. गंमत म्हणजे नाव कांद्याचं, पण माझ्या पोटात कांदा नाही. माझा जन्म मात्र इथलाच, सिंगापूरच्या एका खाटकाच्या दुकानातला. तिथून मनोहररावांनी मला घरी आणलं.

मनोहरराव बँकेत होते. लग्नाआधी वर्षभर ते फ्रान्समध्ये एकटे राहिले होते. तिथली घरमालकीण दर रविवारी त्यांना चिपोलाटा भाजून वाढायची. परक्या देशात आपल्याला कुणी बोलावून जेवू घातलं, हे ते कधी विसरले नाहीत. त्यांची बायको सुचित्राताई पक्क्या शाकाहारी. त्यामुळे मनोहररावांचा तवा वेगळा, ताटली वेगळी, आणि भाजणं खिडकीशी उभं राहून, स्वतःच्या हाताने. चातुर्मासात सुचित्राताईंनी कांदा-लसूण सोडला, की ते मुद्दाम पाकीट नाचवत म्हणायचे, "बघ गं, हिच्यात कांदासुद्धा नाही. तुला चालेल!" ताई नाकाला पदर लावायच्या आणि हसायच्या. ते हसू मी या घरात आले त्या दिवशीच ऐकलं. पुन्हा ऐकलं नाही.

कारण त्याच सुमारास मनोहररावांचं दुखणं निघालं. नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात फेऱ्या सुरू झाल्या. डॉक्टर फारसं काही बोलेनात, तेव्हा ताईंनी कुलदेवीला नवस केला. हे बरे होऊन स्वतःच्या पायांनी तुझ्या दर्शनाला येईपर्यंत माझ्या घरात मांस शिजणार नाही. मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून तळाशी ढकलण्यात आलं. मला राग आला नाही. माझ्या मालकासाठीच तर होतं सगळं.

मनोहररावांची अन्नावरची वासनाच उडाली. वाट्याच्या वाट्या पेज तशीच परत यायची. आणि एका सकाळी त्यांचा आवाज आला. बारीक, पण चक्क उत्साहाचा.

"सुचित्रा, आज भूक लागलीये गं. दोन चिपोलाटा भाजून देतेस?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे काम ताईंना कधी सांगितलं नव्हतं. आता त्यांच्याने उभं राहवत नव्हतं.

"अहो, नवस बोललेय मी," ताई म्हणाल्या. "बरे व्हा, मग रोज करून घालीन."

त्यांची लेक वल्लरी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत कळवळली. "आई, ही इज हंग्री! लेट हिम ईट लाह! मी भाजते."

"तू मधे पडू नकोस. हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय ना?"

"राहू दे गं वल्लरी," मनोहरराव म्हणाले. "आईची देवी नाराज व्हायला नको. दे बाई, खिचडी दे."

दोन घास खाल्ले त्यांनी. त्याच आठवड्यात त्यांना पुन्हा नोव्हेनाला नेलं, आणि घरी फक्त दोघी परतल्या.

त्यानंतर ताई रोज माझा कप्पा उघडायच्या, बघायच्या आणि लावून टाकायच्या. त्यांना फेकवत नव्हतं आणि शिजववतही नव्हतं. माझ्या अंगावर बर्फ चढत गेला. आज वल्लरी फ्रीजर साफ करायला बसली.

"आई, हे एक्स्पायर झालंय. टाकू?"

"नको. आण इकडे. आता नवस कुणासाठी पाळायचा?"

ताईंनी मनोहररावांचा तवा काढला. जन्मात पहिल्यांदा मांसाला हात लावला. "सगळीकडून लाल करायचं, असंच म्हणायचे ना ते?" त्यांनी विचारलं. मग मनोहररावांच्या ताटलीत, त्यांच्या रिकाम्या खुर्चीपुढे मला वाढलं.

"अहो, या. गरम आहे तोवर घ्या."

मित्रांनो, आपलं माणूस भूक लागली म्हणालं, तर त्याला आधी वाढा. उपास, पथ्य, नवस, सगळं मागून बघता येतं. देवी रागावली असती, असं मला तरी वाटत नाही. दोन माणसांचं एकमेकांवर एवढं प्रेम, आणि माणूस उपाशी गेला, याचं दुःख माझ्या एवढ्याशा देहात मावत नाही.

वल्लरी आत जाऊन रडते आहे. ताई खुर्चीसमोर बसून आहेत. घामाने भिजल्या आहेत, पण त्यांनी पंखा बंद केला आहे, मी लवकर निवू नये म्हणून.