सत्तेचाळीस चुकांची तबकडी

मला घराबाहेर काढले तर गुणाकररावांचे तीन फायदे होते. एक, सुट्टीतल्या दुपारी एक ते तीन निवांत झोप. दोन, टीव्हीवर हक्काच्या बातम्या. तीन, खैरलांजीच्या शेतातल्या उन्हाळी धानावरून पोपट हाकलायला एक चकाकती वस्तू. तोटा त्यांना एकही दिसेना. चौतीस वर्षे सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढलेल्या माणसाला स्वतःच्या कागदावर तोटा सहसा दिसत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी डीव्हीडी आहे. बालाघाटच्या या मराठी घरात, टीव्हीखालच्या खणात माझे आयुष्य गेले. जन्म कुठे झाला ते आठवत नाही; आठवतो तो गोंदियाच्या बाजारातला हातगाडा. तिथून गुणाकररावांच्या मुलाने, अश्विनने, मला आपल्या मुलांसाठी आणले. वेष्टन पहिल्याच उन्हाळ्यात हरवले आणि त्याबरोबर नावही गेले. मग सगळे मला 'मछलीवाली' म्हणू लागले.

कारण माझ्या पोटात एक कार्टून सिनेमा आहे. त्यात गावाएवढा एक मासा आभाळात पोहतो. त्याच्या पाठीवर घरे आहेत, विहीर आहे, बैलगाड्या आहेत. सांज झाली की त्याचा एकेक खवला खिडकीसारखा उघडतो आणि प्रत्येक खिडकीत दिवा लागतो. ते दिवे लागू लागले की नऊ वर्षांच्या ईराचा घास हातातच राहायचा आणि धाकटा अनुराग सोफ्यावरून सरकत सरकत टीव्हीला नाक लावायचा.

बाकी, खोटे कशाला बोलू, सिनेमा भलताच गचाळ आहे. नायकाचा गमछा आत्ता लाल, तर लगेच हिरवा. बोलणे संपले तरी ओठ हलतच राहतात. पहिल्या अर्ध्या तासात मेलेली आजी पुढे गाण्यात मागच्या बाजूला पोळ्या लाटताना दिसते. आणि डाकू लढाई सोडून पाणी प्यायला जातो, तो परत येतच नाही. बनवणाऱ्यांना त्याची आठवण राहिली नसावी.

गुणाकररावांना हे सहन होत नसे. "अरे, गमछा पाहा! आता लाल होता का नाही?"

"दादाजी, देखने दो ना!"

शेवटी त्यांनी जुन्या डायरीत माझ्या चुकांची यादीच केली. सत्तेचाळीस भरल्या. प्रत्येकीपुढे मिनिट आणि सेकंद. तेवढे बारकाईने मला दुसऱ्या कोणी पाहिलेले नाही, हेही त्यांच्या बाजूने लिहून ठेवा.

मग अश्विनची बदली जबलपूरला झाली. मुले फक्त उन्हाळ्यात येऊ लागली. यंदा ती येण्याआधीच, एप्रिलमध्ये, गुणाकररावांनी मला पिशवीत घातले आणि खैरलांजीला नेऊन सुतळीने बांबूला टांगले.

मित्रांनो, रडू नका, शेतात माझी पत वाढली. माझ्यासोबत आणखी पाच तबकड्या होत्या, पण शेत सांभाळणारा महागू कौतुक माझेच करायचा. "हे चकती लय हुशार हाय. पोपट दिसला का डोळा मारते!" वारा सुटला की मी बांबूवर आपटायची आणि अंगावर ओरखडे उठायचे, पण एवढी स्तुती ऐकल्यावर ओरखडे कोण मोजतो?

मे महिन्यात एका सकाळी गुणाकरराव स्कूटरवरून आले. काखेत स्टीलची ताटली.

"महागू, ते कोपऱ्यातली तबकडी खोलून दे. तिच्या जागी हे लाव."

"काहून जी? या ताटलीले पोपट भेतीन का? उलट तिच्यात जेवाले बसतीन."

"पोरगी जाऊन राह्यली, महागू."

"कोन पोरगी?"

"आपली ईरा. दहा दिवसांसाठी आली अन् तिसऱ्याच दिवशी मायले फोन करते, मले न्याले ये म्हणून. दिवसभर मोबाइल घेऊन एका कोपऱ्यात ते, दुसऱ्या कोपऱ्यात अनुराग. घरात टाचणी पडली तं आयकू येते."

"तुमाले तं झोप पायजे होती म्हने."

"नाही लागत."

"अन् हे चकती लावली कोनं इथं?"

गुणाकररावांनी ताटली उगाच धोतराला पुसली.

महागूने अट घातली. चकती न्या, पण तेवढीच चमकणारी दुसरी उद्याच्या बसने कंडक्टरजवळ पाठवा.

घरी खणात दोनच तबकड्या उरल्या होत्या. एक अश्विनच्या लग्नाची. गुणाकररावांचा हात तिकडे वळताच त्यांच्या पत्नी शीलाबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "लग्नाच्याले हात लावून तं पाहा!" दुसरी खुद्द गुणाकररावांच्या निरोप समारंभाची. मखमली पाकिटातली. तिच्यात मोठे साहेब म्हणतात, "गुणाकरजी की नजर से कोई गलती नहीं बची." दर एकतीस जुलैला ते एकटेच ती लावून बसत.

ती तबकडी सकाळच्या बसने खैरलांजीला गेली.

दुपारी मला लावले. ईराने आईला फोन करून "रुको, कल बताती हूँ" एवढेच सांगितले आणि मोबाइल उशीखाली ठेवला. गमछा लाल, गमछा हिरवा, मुले खूश. पण अडतिसाव्या मिनिटाला, पहिला दिवा लागणार तेवढ्यात, माझ्यावरचा ओरखडा आडवा आला. पडद्यावर चौकोनच चौकोन. पुढे सरकवले तर एकदम एकोणपन्नासावे मिनिट.

ईराचा हात उशीकडे गेला. मला शरमेने मेल्यासारखे झाले.

"थांब," गुणाकरराव म्हणाले, "माझ्याजवळ सगळं लिहून आहे." डायरी उघडून त्यांनी बोट फिरवले. सदतीस मिनिटे, गमछा. पन्नास मिनिटे, मेलेली आजी. मधे कोरे.

ईराने डायरीत डोके घातले. "यहाँ कोई गलती नहीं थी?"

"चुका लिहाले नजर कागदावर लागते," शीलाबाई म्हणाल्या. "दिवे लागले का यांची पेन्सिल हातातच राहे. म्या पाह्यलं नाही का!"

गुणाकरराव खाकरले. मग उठले, टीव्हीपुढे उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून मासा झाले. कोणता खवला आधी उघडतो, विहिरीजवळचा दिवा कसा उशिरा लागतो, सगळे अकरा मिनिटे सांगितले. ओघात त्यांनी डाकूलाही पाणी पाजून परत आणले.

"दादाजी!" ईरा ओरडली. "वो वापस नहीं आता! गलत मत बताओ!"

त्यांनी डाकूला पुन्हा पाणी प्यायला पाठवले. ईरा दहा नव्हे, पंधरा दिवस राहिली.

मित्रांनो, तबकडी कडेने धरा, बनियनने पुसू नका आणि शेतात टांगण्याआधी घरात विचारा. चुका खुशाल मोजा, पण पेन्सिल कुठे थांबली तेही पाहा.

आता शेवटचा हिशेब. मी अकरा मिनिटे दिली. गुणाकररावांनी दुपारची झोप दिली, बातम्या दिल्या, शिवाय मोठ्या साहेबांची शाबासकी. चौथ्या दिवशी महागूचा फोन आला, "साहेब, तुमची चकती लावली जी, पन पोपट तिच्यावरच बसून धान खाऊन राह्यले. कोपरा साफ!"

गुणाकरराव म्हणाले, "खाऊ दे," आणि पुन्हा मासा व्हायला टीव्हीपुढे गेले.