पिवळी बंडी

गेथिन प्रॉसरचं मानेपासून पोटरीपर्यंत सगळं कायमच दुखायचं, पण या आठवड्यात दुखत होतं ते निराळंच. इतकी वर्षं कूम-हाफोदच्या रग्बी संघात चार नंबर मिरवणाऱ्या माणसाला सोमवारी पिवळी बंडी मिळाली. शनिवारच्या सामन्यात जे नाहीत त्यांनी बंड्या घालायच्या आणि सरावात प्रतिस्पर्ध्यांचं सोंग घ्यायचं, अशी तिथली रीत. चार नंबर गेला मॅक्सेन रीसकडे. वय बावीस, अंगाने ताडमाड, आणि गेथिनला 'भाऊ' म्हणणारा.

रांग सांभाळायचं कामही आता मॅक्सेनकडे आलं. चेंडू मैदानाबाहेर गेला की दोन्ही संघ शेजारी-शेजारी रांगा लावतात, कडेचा गडी चेंडू आत फेकतो आणि सोबती आपल्या उंच गड्याला मांड्यांना धरून वर उचलतात. चेंडू कुणाकडे येणार हे मॅक्सेन खुणेच्या शब्दांत ओरडायचा. ते शब्द परक्याला कळणं शक्य नव्हतं. पण चेंडू स्वतःकडे येणार असला की पठ्ठ्या ओठांतून लोंबणारं, दात वाचवायला घातलेलं रबर आत दाबायचा, आणि दुसऱ्याकडे जाणार असला की तसंच लोंबू द्यायचा. गेथिनच्या हे सोमवारीच ध्यानात आलं, आणि तो गप्प बसला.

नुसता गप्प बसला असता तरी एक वेळ चाललं असतं. चेंडू कुठे येणार ते ठाऊक असून तो मुद्दाम उशिरा उडी मारू लागला. मॅक्सेन प्रत्येक चेंडू अलगद झेलायचा आणि गेथिन त्याच्या पाठीवर थाप मारायचा, "शाब्बास रे!" प्रशिक्षक एमलिन बेवन तर खूश झाला.

"बघा लेको," जेवणाच्या टेबलावर तो सगळ्यांदेखत म्हणाला, "जागा गेली तरी तोंड पाडून बसला नाही. सिनिअर असावा तर असा!"

गेथिनने ताट बाजूला सारलं. रबराची ती खोड शनिवारी पलीकडच्या संघातल्या एकाने जरी हेरली, तरी पोराची शोभा होणार आणि चार नंबर परत आपल्याकडे येणार, हे त्याने मनात पक्कं केलेलं होतं. ओठात एक नि पोटात एक, आणि वर हे कौतुक!

घरी तो चहा ओतून ठेवायचा नि प्यायला विसरायचा. बसला की उठायचा, उठला की कशाला उठलो ते आठवायचं नाही.

"जागेचंच ना एवढं?" बायकोने, नेरिसने विचारलं.

"जागेचं नाही गं."

"मग कशाचं?"

त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि ती तिला सांगायची कशी?

शुक्रवारी शेवटचा हलका सराव होता. पहिलाच चेंडू आला, मॅक्सेनचं रबर आत गेलं, आणि गेथिनने त्याच्या डोक्यावरून चेंडू हिसकावला. पुढच्या वेळी रबर लोंबत राहिलं. गेथिन मागे सरकला आणि तिथलाही चेंडू घेतला. तिसरा घेतला, चौथा घेतला. मॅक्सेनचे कान लाल झाले.

"काय रे म्हाताऱ्या, आजच अंगात आलं?" कप्तान इल्टिड खेकसला. "सामन्याच्या तोंडावर पोराचा धीर घालवतोस?"

"बाहेर हो, गेथिन," एमलिन म्हणाला. "एवढी जळजळ होती तर सोमवारीच सांगायचंस."

"जळजळच आहे. पण आधी त्याच्याशी बोलू दे."

त्याने मॅक्सेनला बाजूला घेतलं. "तुझं रबर. स्वतः घेणार असलास की आत दाबतोस. नाहीतर लोंबतं."

मॅक्सेनचा हात तोंडाकडे गेला. मग तो हसलाच. "देव पावला, भाऊ! उद्या वाट लागली असती माझी. आत्ता दिसलं तुम्हाला?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"सोमवारी," गेथिन म्हणाला.

मॅक्सेनचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, मग हळूहळू गेलं.

"मी रोज आईला फोनवर सांगत होतो," तो म्हणाला, "गेथभाऊ मला सांभाळून घेतात म्हणून."

मॅक्सेनने रबर तोंडातून काढलं आणि मोज्यात खोचलं.

"चल गेथिन, रांगेत उभा राहा," तो म्हणाला. "आणि आता खरी उडी मार."