खैरुद्दीनभाईंसाठी भरलेली पन्नास काडतुसं

मी आयुष्यात कुणाला हौसेनं काही दिलं असेल, तर ती पन्नास काडतुसं. एरवी माझा हात घेणाऱ्याचा. हे आज मी कबूल करतो; तेव्हा, म्हणजे शहाण्णव साली, कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. भांडायला मला कारण लागत नाही असं छाया म्हणते, आणि बायको म्हणते ते बहुतेक वेळा खरंच असतं.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात ॲल्युमिनियमची दारं-खिडक्या बनवणाऱ्या एका कंपनीत मी एस्टिमेटर होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींच्या खिडक्या मोजायच्या आणि संध्याकाळी आपल्या एकाच खिडकीतून पार्किंग बघायचं. एका सहकाऱ्यानं मला धैदच्या रस्त्यावरच्या नेमबाजी क्लबात नेलं. वाळूत उभी केलेली एक पत्र्याची लांब शेड, समोर मातीचा बांध, बाजूला दोन खोल्या, एवढाच तो क्लब. मला वाटलं होतं, बंदुका हाताळणारी माणसं करडी असतील. पण पहिल्याच दिवशी मला हातांनी कान झाकून उभं राहिलेलं बघून एकीनं स्वतःच्या कानांवरची झाकणं काढून मला दिली आणि आपण कापूस घालून नेम धरला. ती दर्शना. शारजातच दातांचा दवाखाना चालवायची. तिला ती परत द्यायला मी चार महिने लावले.

आणि खैरुद्दीनभाई. मूळचे खेडकडचे, पंचवीस वर्षं इथे, मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. आठवड्यातून दोनदा ते माझ्या मागे उभे राहून माझा पंजा सरळ करायचे. "मनगट मोडतंय बघ. पाहुण्यासारखा नको धरूस, तुझंच आहे असं धर." शिशाच्या गोळ्या ते स्वतः ओतायचे आणि डबा भरून माझ्यापुढे ठेवायचे. मी पाकीट काढलं की म्हणायचे, "हबीबी, हे काय दुकान आहे? दुकानात ये, तिथे लुबाडतो." आणि मी पाकीट परत खिशात ठेवायचो. मला ते फार जड जायचं नाही, हेच वाईट.

क्लबचे नियम कडक होते. बंदुका तिथेच कुलपात राहायच्या, काडतुसंही. रिकामी पुंगळीसुद्धा फाटकाबाहेर न्यायची नाही. विकतची काडतुसं महाग पडत, म्हणून झाडलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, पुसायच्या आणि परत भरायच्या. बुडाला नवी टोपी, आत मोजून चिमूटभर दारू, वर शिशाची गोळी. छायानं हे माझ्या आईला पुण्याला फोनवर सांगितलं, "हे ना, मंगळवारी दारू भरायला जातात." आई पुढचे दोन फोन माझ्याशी धड बोलली नाही. शारजात दारूबंदी आहे हे सांगून उपयोग झाला नाही.

ही भरणखोली सुभेदार वासुदेव यांच्या ताब्यात होती. फौजेच्या शस्त्रागारात हयात घालवलेला साताऱ्याचा माणूस. बोलणं कमी, बघणं जास्त. ज्याच्यावर त्यांचा विश्वास बसेल त्यालाच ते कपाटाची किल्ली देत. सबंध क्लबात अशा सहा किल्ल्या होत्या. मला सहावी मिळाली ती खैरुद्दीनभाईंनी शब्द टाकला म्हणून. पन्नास पुंगळ्या उभ्या राहतील असा भोकं पाडलेला एक लाकडी पाट होता, त्यावर ओळीनं दारू घालायची. सुभेदारांचा एकच मंत्र: "पाटावरून उठलात, की पाट उलटा." म्हणजे मधे कुणी हाक मारली, शिंक आली, काहीही झालं, तर घातलेली सगळी दारू डब्यात ओतायची आणि पहिल्या पुंगळीपासून सुरुवात करायची. कारण रिव्हॉल्व्हरच्या त्या पुंगळीत दारू जेमतेम तळ झाकते. चुकून दोनदा घातली तरी वर जागा उरते, बाहेरून काही कळत नाही. कळतं ते घोडा दाबल्यावर. फौजेतल्या एका जवानाची बोटं कशी गेली, ते सुभेदार एकदाच सांगत आणि दुसऱ्यांदा विचारू देत नसत.

फेब्रुवारीत खैरुद्दीनभाईंची आई, हव्वाबी, गेली. ते खेडला गेले आणि महिन्याच्या स्पर्धेला दोन दिवस उरले असताना परत आले. डोळे खोल गेलेले. त्यांच्याकडे भरलेली काडतुसं नव्हती आणि भरायला बसण्याचं मनही नव्हतं. मी म्हणालो, "मी भरतो तुमच्यासाठी." हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली. दोन वर्षांत मी त्यांना चहासुद्धा पाजला नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी मी पाट लावला. हात अगदी झकास चालला होता. तेवढ्यात क्लबच्या ऑफिसातून कुणीतरी ओरडलं, घरून फोन आहे. उठलो. छाया म्हणाली, "येताना खुबूसच्या रोट्या आण आणि दही." मग आमच्या लेकीनं, अवनीनं, फोन ओढून घेतला, "बाबा, व्हेन आर यू कमिंग? यू प्रॉमिस्ड!" तिला शाळेच्या प्रोजेक्टसाठी कसलातरी तक्ता हवा होता. परत आलो तेव्हा सुभेदार बाहेर शेडमध्ये होते. पाटाकडे बघितलं. चौथी ओळ, तिसरी पुंगळी, मला पक्कं आठवत होतं. पाट उलटा करायचा म्हणजे आणखी अर्धा तास, घरी अवनीचं तोंड फुगलेलं. मी चौथ्या ओळीच्या तिसरीपासून पुढे चालू केलं. सगळ्यांवर गोळ्या बसवल्या, खोक्यात रचल्या, कपाटात खैरुद्दीनभाईंच्या कप्प्यात ठेवल्या आणि शीळ घालत घरी गेलो. दह्याचा डबा विसरलो, तेवढी एकच चूक झाली असं मला वाटलं.

गुरुवारी दुपारी ऑफिसात महादूनं चहा आणला. महादू आमचा पन्नाशीचा ऑफिसबॉय, राजापूरकडचा, हाताला चव असलेला माणूस. मी घोट घेतला आणि थुंकायचाच बाकी राहिलो. नुसता पाक. मी खेकसलो, "महादू, काय हे? साखरेचं पोतं पडलं काय?"

"साहेब, माफ करा," तो ओशाळून म्हणाला. "साखर घातली नि मॅनेजरसाहेबांचा फोन वाजला. येऊन परत घातली बहुतेक. मला पक्कं वाटलं होतं घातली नाय म्हणून."

कप माझ्या हातात तसाच राहिला. मला पक्कं वाटलं होतं. चौथी ओळ, तिसरी. पण मी फोनला उठलो तेव्हा मोजणीचं माप माझ्या हातात होतं आणि ते रिकामं होतं. रिकामं असेल तर तिसरीत दारू पडली होती. मग परत आल्यावर मी तिसरीपासून का सुरू केलं? आठवायचा जितका प्रयत्न करावा तितकं गढूळ होत गेलं.

क्लबात फोन लावला. वाजत राहिला. गुरुवारी तीनला स्पर्धा, अडीचपासून सराव. सगळे शेडमध्ये, कानावर झाकणं. दहा वेळा लावला असेल. मग गाडीची चावी घेतली आणि मॅनेजरला काहीही न सांगता निघालो.

शुक्रवारच्या सुट्टीमुळे गुरुवारी बहुतेक ऑफिसांना अर्धा दिवस, त्यामुळे दुपारी सगळं शारजा रस्त्यावर. पहिल्याच राउंडअबाउटला गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. मी हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या, मराठीत, म्हणजे कुणाला लागू नयेत. आणि त्या गर्दीत उभा असताना माझ्या मनात काय आलं ते सांगतो, कारण ते लपवलं तर ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. वाटलं, गाडी वळवावी. कदाचित काहीच झालं नसेल. झालं असलं, तरी खैरुद्दीनभाईंची रिव्हॉल्व्हर दणकट आहे. तिथे जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं, मी पाटावरून उठलो, पाट उलटा केला नाही? सुभेदार किल्ली काढून घेतील. चार लोक हसतील. मग माझ्या डोळ्यांसमोर खैरुद्दीनभाईंचा हात आला, माझं मनगट सरळ करणारा, ग्रीसनं काळी झालेली नखं असलेला. मला भीती वाटली. नुसती, साधी भीती. पुढची गाडी हलली आणि मीही हललो.

फाटकाशी पोचलो तेव्हा आवाज येत होते. गाडी तिरकी सोडून धावलो. क्लबात एक रीत होती. कुणीही, अगदी पहिल्या दिवशी आलेल्यानंही, "स्टॉप" म्हटलं की सगळ्यांनी बंदूक खाली ठेवायची, दोन पावलं मागे यायचं. का, हे नंतर विचारायचं. मी शेडच्या टोकाला जाऊन बेंबीच्या देठापासून ओरडलो. "स्टॉप! स्टॉप!"

बार थांबले. बंदुका टेबलावर गेल्या. अकरा माणसं मागे वळून माझ्याकडे बघत होती. खैरुद्दीनभाईंचे दोन्ही हात धड होते. मी त्यांच्या टेबलाकडे गेलो. खोका उघडा होता आणि त्यात जेमतेम दहा काडतुसं होती.

"बाकीची?" मी विचारलं. "झाडलीत?"

"वाटली," ते म्हणाले. "दर्शनानं सहा घेतली, यानं पाच, त्या टोकाच्या निनादला दहा दिली. का रे? काय झालं?"

ज्या क्लबात टोप्यांची एक डबी असली तरी चौघांत फिरते, तिथे मी भरलेलं एक खराब काडतूस सबंध रांगेत फिरलं होतं. ते आता कुणाच्याही रिव्हॉल्व्हरमध्ये असू शकत होतं.

"त्या खोक्यातलं एकही झाडू नका," मी म्हणालो. "त्यात एकात दुप्पट दारू असण्याची शक्यता आहे."

सुभेदार भरणखोलीतून बाहेर आले, त्यांनी ऐकलं होतं. "सगळी इथे आणा," एवढंच म्हणाले. प्रत्येकानं आपापल्या बंदुका उघडून काडतुसं काढली. एकोणीस झाडून झाली होती. एकतीस टेबलावर जमा झाली. दर्शनानं तिची तीन आणून ठेवली. सहातली तीन तिनं झाडली होती.

सुभेदारांनी हातोडीसारखं एक अवजार घेतलं. त्यात काडतूस अडकवून लाकडावर ठोकायचं, गोळी सुटून येते, मग दारू बशीत ओतून काट्यावर तोलायची. एकेक. ठोक, ओत, तोल. स्पर्धा कुणाच्या लक्षातही राहिली नव्हती. कुणीतरी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. ती मी घेतली. घ्यायची सवय होतीच.

खोक्यातली दहा ठीक निघाली. निनादची ठीक. मग दर्शनाच्या तिनांतलं दुसरं. सुभेदारांनी दारू ओतली आणि तोलायच्या आधीच थांबले. बशीतला ढीग नुसत्या डोळ्यांना दुप्पट दिसत होता. काट्यानंही तेच सांगितलं. दर्शना खुर्चीवर बसली. दिवसभर लोकांच्या तोंडात नाजूक कामं करणारी तिची बोटं तिनं मांडीवर ठेवली आणि ती बघत राहिली. आणखी दोन बार. मला पुढच्या राउंडअबाउटला अडकावं लागलं असतं तर.

उरलेली काडतुसंही सुभेदारांनी तपासली. मग बशी बाजूला सरकवली. "कुणी भरलीत?"

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. खरं सांगायचं तर येऊ दिला नाही. एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, मला बघायचं होतं की दुसरा काही मार्ग आहे का.

"माझी आहेत," खैरुद्दीनभाई म्हणाले. "आईच्या विचारात होतो. चुकलं."

सुभेदारांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हात पुढे केला. खैरुद्दीनभाईंनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. दुकानाच्या, घराच्या, गाडीच्या किल्ल्या, आणि त्यात क्लबची. कडी घट्ट होती, उघडेना. त्यांनी नख घातलं, ते निसटलं. परत घातलं. शेवटी किल्ली सुटली आणि त्यांनी ती सुभेदारांच्या तळहातावर ठेवली.

तेव्हा कुठे मी बोललो. "त्यांची नाहीत. मी भरली. मधे उठलो होतो, पाट उलटा केला नाही."

मला वाटलं होतं, गलका होईल. कुणी हललंसुद्धा नाही. दर्शनानं मान वर केली.

"माहीत आहे आम्हाला, सूर्यकांत."

"कसं?"

"खैरुद्दीनभाई खोका घेऊन एकेकाकडे आले ना. पेढे वाटतात तसे. म्हणाले, घ्या, आमच्या सूर्यकांतनं माझ्यासाठी भरलीत, तुम्हीपण दोन मारून बघा. प्रत्येकाला सांगितलं त्यांनी."

मी खैरुद्दीनभाईंकडे बघितलं. ते जुडग्याची कडी बंद करत होते, तीही त्यांना नीट जमत नव्हती. म्हणजे ते "माझी आहेत" म्हणाले तेव्हा तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सुभेदारांनाही. ती कडी उघडायला चांगलं अर्धं मिनिट लागलं होतं. तेवढा वेळ अकरा माणसं गप्प माझ्याकडे बघत होती, आणि मी सुभेदारांच्या तळहाताकडे.