वर जाणारा ठोकळा

उत्तरतालिका बघून अभ्यास करणाऱ्या माणसाबद्दल स्वयंभूचं मत असं होतं, की तो जेवायला बसण्याआधीच ढेकर देऊन मोकळा होतो. हे मत तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. विचारत तर कुणीच नव्हतं.

स्वयंभू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कॉलेजात भौतिकशास्त्राच्या वर्गाने ते त्याला चिडवायला ठेवलं आणि त्याने बहुमान समजून ठेवून घेतलं. पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तरांची पानं त्याने पहिल्याच दिवशी स्टेपल मारून बंद केली होती. सर फळ्यावर उदाहरण सोडवायला लागले की तो डोळे मिटून बसायचा, कारण सोडवलेलं उदाहरण म्हणजे वेश पालटून आलेली उत्तरतालिकाच. कोनांच्या ज्या किमती सगळं जग पाठ करतं, त्याही त्याने पाठ केल्या नाहीत. पाठ केलेलं उत्तर हे दुसऱ्याचं उत्तर. आपण मांडायचं, आपल्या कॅल्क्युलेटरवर करायचं, येईल ते लिहायचं आणि पुढच्या गणिताला लागायचं. उत्तर बरोबर आहे का हे मागे वळून बघणं म्हणजे त्याच्या मते स्वतःवर अविश्वास दाखवणं होतं, आणि स्वतःवर अविश्वास दाखवावा असं त्याला स्वतःत काहीच आढळलं नव्हतं.

असा हा माणूस राहायचा मात्र उत्तरतालिकांच्या डोक्यावर. आईवडिलांची बदलीची नोकरी, म्हणून तो मामाकडे होता, आणि मामाचं कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. वर घर, खाली दुकान. प्रत्येक विषयाची उत्तरं, पायरीपायरीने सोडवलेली, स्पायरल लावून मामा विकायचा. स्वयंभू जेवायचा ते त्याच पैशांतून, पण जेवताना मान वळवून जेवायचा.

मामाला भौतिकशास्त्राशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की पहिल्या परीक्षेत भाचा नापास झाला, ठीक आहे, झाला. दुसऱ्या परीक्षेतही झाला तर कॉलेज बास, खाली येऊन मोठ्या मशीनवर बसायचं. नुसतं बोलून तो थांबला नव्हता. मशीनपाशी एक स्टूल ठेवून त्याने त्यावर नवी गादी शिवून घेतली होती.

"भाचेराव, जरा बसून बघा. मऊ झालीय का?"

"मला इथे बसायचं नाहीये, मामा."

"नका बसू. गादी कुठे पळून जात नाही."

पहिल्या परीक्षेचं स्वयंभूला वाईट वाटलं नव्हतं. पेपर तपासणाऱ्याने उत्तरतालिका समोर ठेवून तपासला होता, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्याला स्वतःला उत्तर येत नाही त्याने दिलेला भोपळा मनाला काय लावून घ्यायचा? परत मिळालेला पेपर त्याने उघडलादेखील नाही.

आणि ज्यांना मार्क मिळाले ते तरी काय दिवे लावत होते? त्या परीक्षेच्या आधी मामाच्या मशीनच्या काचेवर एक माशी चिरडली होती. तिचा एक पाय काचेला चिकटून राहिला, आणि विकलेल्या प्रत्येक तालिकेत, प्रत्येक पानावर, त्याच जागी एक टिंब उमटलं. पुस्तकातल्या गणितात ब्रेक दाबल्यावर बस बेचाळीस मीटरवर थांबत होती. अख्ख्या वर्गाने ती चार पूर्णांक दोन मीटरवर थांबवली. आतल्या प्रवाशांचं काय झालं असेल, हा विचार एकाच्याही मनाला शिवला नाही. माशीच्या एका पायाने सगळ्यांना बरोबरीत शिकवलं.

अपवाद होता तो मामाच्या मुलीचा. ती त्याच वर्गात होती, आणि बारीक चण नि बोचरं बोलणं यामुळे घरीदारी तिला टाचणीच म्हणत. दुपारी ती दुकान सांभाळायची. गिऱ्हाईक नसलं की गणित सोडवायची, मग शेजारचीच तालिका उचलून उत्तर ताडून बघायची, आणि जुळलं नाही तर तोंड वाकडं करून पुन्हा सुरुवातीपासून करायची. बसचं गणित तिने तीनदा केलं, मग उठली आणि ओल्या फडक्याने काच पुसली. तोवर गठ्ठा विकला गेला होता.

स्वयंभूला हा प्रकार सगळ्यांत जास्त लाजिरवाणा वाटायचा. नुसती नक्कल करणारा निदान आळशी तरी असतो. ही सोडवू शकत असून वर परवानगी मागायला जाते.

"दादा," ती एकदा म्हणाली, "उताराच्या गणिताचं तुझं उत्तर काय आलं?"

"मी उत्तरं वाटत नाही."

"वाटू नकोस. नुसतं एक सांग. माझं आणि तुझं जुळतंय का बघू."

"नाही जुळलं तर?"

"तर दोघांपैकी एक जण चुकलाय."

"ते मला माहीतच आहे," स्वयंभू म्हणाला आणि जिना चढून वर गेला.

पहिल्या परीक्षेचे पेपर बघून सरांचं डोकं फिरलं. सर म्हणजे फळीवाले सर. प्रयोगशाळेतली एक गुळगुळीत लाकडी फळी ते काखेत मारूनच हिंडायचे आणि काहीही समजावताना ती टेबलावर तिरकी टेकवायचे. वर्गात येऊन त्यांनी शांतपणे जाहीर केलं, "पुढच्या परीक्षेत प्रश्नांसोबत उत्तरंही छापलेली असतील. काही बरोबर, काही चूक. कुठली चूक, ते सोडवून दाखवायचं."

 मॉनिटरने हात वर केला. तो वर्गाचा पुढारी होता, म्हणजे तालिका सगळ्यांच्या आधी तो विकत घ्यायचा.

"सर, उत्तर तुम्हीच दिल्यावर आम्ही लिहायचं काय?"

सरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग फळीकडे पाहिलं. फळीशी बोलणं त्यांना जास्त सोपं वाटत असावं.

स्वयंभू मात्र खूश झाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विद्यापीठाला त्याची गरज पडली होती. घरी येताना त्याने गादीकडे पाहिलं आणि तिची त्याला दया आली.

परीक्षेच्या दिवशी वर्गाची अवस्था बघण्यासारखी होती. काही जणांनी ज्या उत्तरांत दशांश चिन्ह होतं ती बरोबर धरली, कारण एवढी बारीक चूक मुद्दाम कोण कशाला करेल. पहिल्या परीक्षेत टिंबाने तोंडघशी पडलेल्यांनी दशांश चिन्हवाली सगळी चूक धरली. मॉनिटरने पानभर समास आखला आणि खाली एकच ओळ लिहिली: 'सर्व उत्तरे बरोबर आहेत, कारण छापील आहेत.'

स्वयंभू सोडवत गेला. पहिलं उताराचं गणित: घर्षण नसलेली फळी, तीस अंशांचा कोन, वर ठोकळा. छापील उत्तराप्रमाणे ठोकळा खाली येत होता. स्वयंभू किंचित हसला. त्याच्या वहीत वर्षभर तीस अंशांवर ठोकळा वर जात आला होता, तोही सुसाट. पंचेचाळीस अंशांवर तो खाली यायचा आणि साठ अंशांवर पुन्हा वर चढायचा, पण सावकाश, म्हाताऱ्या माणसासारखा. सुरुवातीला त्यालाही हे जरा विचित्र वाटलं होतं. पण विज्ञान सामान्य माणसाच्या समजुतींना धक्का देतं असं त्याने वाचलं होतं, आणि हा धक्का बराच मोठा असल्याने ते विज्ञानही बरंच मोठं असणार हे उघड होतं. या ठोकळ्याच्या स्वभावावर एक छोटा निबंध लिहायचंही त्याच्या मनात होतं.

जिथे जिथे कोन आला, तिथे तिथे छापील उत्तर चूक निघालं. तोफगोळा उडवला तर तो मागे जाऊन जमिनीत शिरत होता. सरांनी तो बिचारा पुढे मैदानात पाडला होता. स्वयंभूने एकेक उत्तर खोडलं, शेजारी आपलं लिहिलं, आणि शेवटी नम्रपणे टीप दिली: 'प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी पुन्हा एकदा अभ्यास करावा.'

सरांनी त्याला प्रयोगशाळेत बोलावलं तेव्हा हे आभार मानण्यासाठी असावं असं धरून तो केस विंचरून गेला. तिथे टाचणीही होती. तिचा पेपर बाजूला ठेवलेला होता; तिने नेमकी चुकलेलीच उत्तरं पकडली होती.

"तुम्ही दोघं एकाच घरात राहता," सर म्हणाले, "आणि तुमचं एकही उताराचं उत्तर जुळत नाही. म्हटलं फळीलाच विचारू."

त्यांनी फळी टेकवली. टाचणीने मोठा कोनमापक लावून तीस अंश बघून दिले. सरांनी फळीवरून मेणाचं फडकं फिरवलं आणि ठोकळा हातात घेतला.

"हा इथे मध्ये ठेवतो. तुझ्या मते काय होईल?"

"वर जाईल, सर."

"कसा?"

"जोरात. तोंड जरा बाजूला घ्या."

सरांनी खरंच तोंड बाजूला घेतलं. शिक्षक म्हणून ते न्यायाला पक्के होते. मग त्यांनी ठोकळा सोडला. ठोकळा खाली घसरला, टेबलावरून पडला आणि कपाटाखाली गेला.

 टाचणी वाकून ठोकळा काढायला लागली.

"घर्षण असेल," स्वयंभू म्हणाला.

"घर्षणामुळे ठोकळा खाली येतो?"

"फळी जुनी आहे, सर."

सरांनी ठोकळा पुन्हा ठेवला. तो पुन्हा खाली गेला. तिसऱ्यांदा स्वयंभूने स्वतः ठेवला, अगदी हळू, त्याला विचार करायला वेळ मिळावा म्हणून. ठोकळ्याने विचार केला नाही.

"दादा, कॅल्क्युलेटर दे," टाचणी म्हणाली. तिने पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या एका बारीक अक्षरावर नख ठेवलं. "हा आर कधीपासून आहे इथे?"

"पहिल्यापासून. कंपनीची खूण आहे ती."

"रेडियन आहे ते, दादा. हे मशीन कोन अंशांत धरतच नाही. तू तीस दाबलंस की हे वर्तुळात जवळजवळ पावणेपाच गिरक्या घेतं आणि मग उत्तर देतं."

"वर्षभर?" सरांनी विचारलं.

"वर्षभर," टाचणी म्हणाली. "एकदा जरी मागचं पान उघडलं असतं ना, पहिल्याच गणिताला कळलं असतं."

स्वयंभूने कॅल्क्युलेटरकडे पाहिलं. वर्षभराचे ठोकळे, तोफगोळे आणि तो निबंध, सगळं एका अक्षराखाली गेलं होतं. त्याला ठोकळ्यापेक्षा मामाची गादी जास्त स्पष्ट दिसायला लागली.

"मी नापास आहे का, सर?"

"तसा सगळा वर्गच नापास आहे, हिला सोडून," सर म्हणाले. "त्यांनी छापलेलं खरं मानलं, तू स्वतःला खरं मानलंस. तुझं जरा जास्तच मनोरंजक आहे, एवढाच फरक. पण मांडणी तुझी बरोबर आहे, सगळीकडे. म्हणून एक करू. वर्षभराची सगळी गणितं पुन्हा सोडव. आणि प्रत्येकाखाली लिही, तालिकेशी जुळलं की नाही, आणि नाही तर का नाही. ते आणलंस तर पास करतो."

"तालिका न बघता केलं तर?"

"तर मामांना माझा नमस्कार सांग."

स्वयंभू संध्याकाळी दुकानासमोर रांगेत उभा राहिला. पुस्तकामागच्या पानांचे स्टेपल त्याने काढून पाहिले होते, पण पानंही सोबत निघाली, तीही फाटून. पुढे मॉनिटर उभा होता, मागे पहिल्या वर्षाची दोन पोरं. घराच्या जिन्याने उतरून आतूनही घेता आली असती, पण मग ती घरातली वस्तू झाली असती. त्याला ती परक्यासारखी घ्यायची होती.

त्याची पाळी आली. मामाने चष्म्यावरून बघितलं.

"काय देऊ?"

"भौतिकशास्त्राची तालिका."

"कुणासाठी?"

"मित्रासाठी."

"तुला मित्र कधी झाला?" मामाने स्पायरल काढून काउंटरवर ठेवली. "बरं, गादीचं काय करू?"

"ठेवा अजून थोडे दिवस."

"मित्राला सांग," मशीनमागून टाचणी कागदाचा गठ्ठा सरळ करत म्हणाली, "आधी स्वतः सोडवायचं. मग बघायचं. उलटं केलंस तर या मॉनिटरसारखा होशील."

मॉनिटर अजून तिथेच उभा होता. त्याने मान डोलावली. बहुतेक त्याला ते कौतुक वाटलं.

वर जाऊन स्वयंभूने दार लावून घेतलं. कॅल्क्युलेटर अंशांवर आणला, दोनदा खात्री केली, आणि पहिलं उताराचं गणित नव्याने सोडवलं. ठोकळा खाली आला. मग त्याने तालिका उघडली, शेजारच्या उत्तरांवर तळहात ठेवून फक्त तेवढंच एक बघितलं.

जुळलं.

त्याने पुन्हा बघितलं. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं होतं. स्वयंभू खुर्चीत मागे टेकला, आणि त्या स्पायरलकडे पहिल्यांदाच जरा मानाने पाहत त्याने गणिताखाली लिहिलं: 'तालिकेला जमले आहे.'